सर, मॅडम आणि पोरांनो, तुमचा पुढचा प्रोजेक्ट आमच्या गटारीवर करा

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या सिव्हिल आणि एन्व्हायर्नमेंटल डिपार्टमेंटमधल्या सर-मॅडमना, आणि एम.टेक., पीएचडी, शेवटच्या वर्षाच्या सगळ्या पोरापोरींना,

सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येतो. तुम्ही दरवर्षी सांडपाण्यावर प्रोजेक्ट करता, रिपोर्ट लिहिता, पेपर छापता. त्यातले निदान काही प्रोजेक्ट लॅबमधून बाहेर काढा, आमच्या गावांच्या गटारीवर आणा, आणि एक अख्खं वर्ष, पावसाळा धरून, तिथंच मोजमाप करा. एवढंच मागायचंय. बाकीचं पत्र हे का मागतोय आणि कसं जमेल ते सांगायला आहे. लांबलंय, पण वाचा.

मी बेळगाव तालुक्यातला शेतकरी, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला, शेतीबरोबर बांधकामाची छोटी कामं घेतो. भाच्याच्या प्रोजेक्टच्या निमित्तानं सांडपाण्यावरचे बरेच रिपोर्ट वाचायला मिळाले आणि वाचताना खरंच आनंद झाला, कारण बिनविजेचं, बिनमोटारीचं, उतारावर आपोआप चालणारं सांडपाणी शुद्धीकरण म्हणजे आमच्या गावांना जे पाहिजे नेमकं तेच त्यात होतं. पण जवळजवळ प्रत्येक रिपोर्टमध्ये पाणी मात्र खोटं होतं. ग्लुकोज, अमोनियम क्लोराइड, पोटॅशियम फॉस्फेट डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून केलेलं 'सिंथेटिक सांडपाणी', एका टबात खडी, त्यात कर्दळीची चार रोपं, आणि तीनेक महिन्यांनी बीओडी, म्हंजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचं माप, एवढे टक्के कमी झाला म्हणून ग्राफ. सुरुवात म्हणून ते बरोबरच आहे, लॅबमध्ये एकावेळी एकच गोष्ट बदलून बघता येते हे मलाही कळतं. पण सुरुवात होऊन लई वर्षं झाली की हो. आता पुढची पायरी चढायची वेळ आलीय.

आणि ही वेळ आत्ताच का, ते सांगतो. २०१९ च्या १५ ऑगस्टला जलजीवन मिशन जाहीर झालं, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं घरात द्यायचं ठरलं. गावोगाव पाइप पडले, चांगलं झालं, बायकांच्या डोक्यावरच्या घागरी उतरल्या. पण घरात आलेलं पाणी घराबाहेरही पडतं, आणि त्याचा विचार नळाइतक्या जोरात झाला नाही. हिशोब करून बघा. तीन हजार वस्तीचं गाव, माणशी ५५ लिटर, त्यातलं ७० टक्के मोरीतून बाहेर आलं तर रोज सव्वा लाख लिटरला थोडं कमी पाणी होतं. हे पाणी आज कुठं जातंय तर रस्त्याकडेच्या उघड्या गटारीतून गावाच्या खालच्या अंगाला, तिथून ओढ्यात नाहीतर कुणाच्या तरी भाताच्या वाफ्यात, नाहीतर गावतळ्यात. ज्याचं शेत खाली त्याच्या नशिबी सगळ्या गावाचं साबणाचं पाणी.

आता याच पाण्याला खडीचा वाफा, म्हंजे खडी भरून वर कर्दळीसारखी झाडं लावलेला मोठा खड्डा, ज्यातून हळूहळू जाताना सांडपाणी शुद्ध होतं, तो किती लागेल तेही काढू. पाणी दोन दिवस आत थांबलं पाहिजे असं धरलं, वाफ्याची खोली ६० सेंटिमीटर, आणि खडीमधली पोकळी ४० टक्के, तर जागा लागते साधारण ९५० चौरस मीटर, म्हंजे साडेनऊ गुंठे. पाणी जास्त घाण असेल तर दिवस वाढतील, जागा वाढेल, पण गावाच्या खालच्या बाजूला, नाल्याकाठी किंवा गायरानात एवढी जागा बऱ्याच गावांत निघते. मोटार नको, ब्लोअर नको, लाइटबिल नको. आमच्याकडची थ्री फेजची वेळ तुम्हाला माहीतच आहे, ज्याला चोवीस तास करंट लागतो असं काहीही गावात टिकत नाही.

ही काही काल निघालेली आयडिया नाही. जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, पाणी घाण करणारी द्रव्यं झाडं आणि त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू कसे खातात ते दाखवलं, आणि १९७४ मध्ये तिथल्याच ओथफ्रेझन गावात गावाच्या सांडपाण्यासाठी असा मोठा वाफा प्रत्यक्ष चालू झाला. आपल्या देशात नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेनं फायटोरिड नावानं याच तत्त्वाची पद्धत तयार केली. आपल्याच कर्नाटकात देवनहळ्ळीला २०१५ पासून सेप्टिक टँकच्या मैल्यावर प्रक्रिया करणारा प्लांट आहे, तोही मुख्यतः उतार आणि झाडं यांच्यावर चालणारा. मग बेळगाव जिल्ह्यातल्या गावाला हे जमणार नाही असं कुठं लिहिलंय?

पण जमवायला इथलीच आकडेवारी पाहिजे. तीच आमच्याकडे नाही, आणि ती फक्त तुम्हीच काढू शकता.

बघा, टबातलं पाणी रोज सारखं असतं, गावच्या गटारीतलं नसतं. सकाळी सहा ते नऊ धुणीभांडी आंघोळी, दुपारी गटार जवळपास कोरडी, संध्याकाळी गोठे धुतले की शेणमूत. बेंदराला सगळ्या गावाची जनावरं धुतली जातात. गणपतीच्या आधी घरं सारवून-धुवून निघतात. आणि लक्ष्मीची यात्रा! ज्यांनी आमच्याकडची यात्रा बघितलीय त्यांना सांगायला नको, प्रत्येक घरात पाहुणे, दारोदारी मांडव, मटणाची पातेली, तेलकट पाणी, गावात कितीतरी पट माणसं, आणि हे एक दिवस नाही तर सलग काही दिवस. त्या तेलानं खडीचं तोंड बंद होतं का, झालं तर आपोआप मोकळं व्हायला किती आठवडे लागतात, की खडी काढूनच धुवावी लागते, हे कुठल्या जर्मन पुस्तकात सापडणार नाही. यात्रेचा वाढीव लोड हा आपल्या भागातला डिझाइनचा भाग आहे आणि त्यावर एखाद्या मुलीनं किंवा मुलानं नीट एम.टेक. करावं असं मला मनापासून वाटतं.

मग पाऊस. बेळगावात वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, खानापूरच्या पश्चिमेला कणकुंबीकडं तर त्याच्या कितीतरी पुढं, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. एका दिवसात १०० मिलिमीटर झाला तर वाफ्यावरच ९५ हजार लिटर पाणी थेट आभाळातून येतं, म्हंजे गावाच्या रोजच्या सांडपाण्याच्या जवळपास. ते तरी परवडलं. खरी अडचण गटारीची आहे कारण गटारीला कौलांचं, स्लॅबचं, रस्त्याचं सगळं पाणी मिळतं. पाच हेक्टरवर १०० मिलिमीटर पडला आणि त्यातलं निम्मंच वाहून आलं तरी २५ लाख लिटर होतात. सव्वा लाखासाठी बांधलेल्या वाफ्यात वीसपट पाणी घुसलं तर वरची माती, वाळू, प्लास्टिक सगळं खडीत जाऊन बसणार. म्हणून वाफ्याच्या आधी बायपास पाहिजे, ठरावीक उंचीच्या वर पाणी चढलं की ते आपोआप ओढ्याला सुटलं पाहिजे. ती उंची किती ठेवायची? पहिल्या पावसाचं जे सगळ्यात घाण पाणी असतं ते आत घ्यायचं आणि नंतरचं सोडायचं, हे कसं जमवायचं? आठव्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट पावसाळ्याच्या आधी संपतो, म्हणून या प्रश्नांना कुणी हातच लावत नाही. माझी विनंती आहे की प्रोजेक्ट दोन बॅचमध्ये वाटून द्या, एका बॅचनं उन्हाळा मोजावा, पुढच्या बॅचनं पावसाळा, रिपोर्ट एकच.

आमच्या बाजूच्या एका गावात असा वाफा झाला होता. नाव घेत नाही, बांधणाऱ्यांचंही घेत नाही, कारण त्यांचा हेतू चांगला होता. उद्घाटन झालं, कर्दळीला लाल-पिवळी फुलं आली, पेपरात फोटो आला. पण वाफ्याच्या आधी गाळ बसायला टाकी केली नव्हती, नुसती एक जाळी लावली होती, ती जाळी कुणी साफ करायची ते ठरलं नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात खडी तुंबली, पाणी वरून वाहायला लागलं, वर पाणी साचलं म्हणून डास झाले, आणि लोक म्हणाले ही डासांची पैदास बंद करा. खरं तर या पद्धतीत पाणी खडीच्या आत, पृष्ठभागाच्या खाली राहतं, वर दिसतच नाही, त्यामुळं नीट चालला तर डास होतच नाहीत. पण ते गाव आता तुमचं ऐकणार नाही, त्यांनी डोळ्यांनी डास बघितलेत. एक फसलेला वाफा आजूबाजूच्या दहा गावांचं मन बंद करतो, आणि म्हणून मला वाटतं की बांधण्यापेक्षा बांधल्यानंतरचा अभ्यास जास्त महत्त्वाचा आहे. गाळाची टाकी किती दिवसांनी भरते, कोण उपसतं, उपसलेला गाळ कुठं टाकतं, खडीतून पाणी जाण्याचा वेग महिन्यागणिक किती कमी होतो. हे साधे आकडे आहेत, एक बादली, एक स्टॉपवॉच आणि एक वही एवढ्यावर निम्मे मिळतात.

आता टाकाऊ मालाबद्दल, म्हंजे तुमच्या भाषेत वेस्ट रिकव्हरी. खडी म्हणून काय वापरायचं याच्यावर आपल्या भागात जेवढा माल पडून आहे तेवढा क्वचितच कुठं असेल. खानापूरला कौलं आणि विटा, तुटक्या कौलांचे ढीग आहेत. चिरेखाणीत जांभ्याचा चुरा आणि कपच्या पडलेल्या. जांभा लाल कशामुळं तर त्यातल्या लोखंडाच्या ऑक्साइडमुळं, आणि लोखंड-ॲल्युमिनियमचे ऑक्साइड फॉस्फेटला धरून ठेवतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. साबण, शेण, मूत यांच्यातला फॉस्फरस साध्या काळ्या खडीत फार अडकत नाही, तो पुढं तळ्यात जातो आणि तळं हिरवं होतं. मग वाफ्याचा शेवटचा टप्पा जांभ्याच्या कपच्यांचा केला तर? किती महिने धरेल, कधी भरेल, भरल्यावर ती कपची शेतात टाकली तर पिकाला त्यातला फॉस्फरस मिळेल की लोखंडाला चिकटून तसाच राहील? न्यूझीलंडमध्ये वायुकू गावी पोलाद कारखान्याच्या स्लॅगचे, म्हंजे धातू वितळवल्यावर उरणाऱ्या मळीचे फिल्टर १९९३ पासून सांडपाण्याच्या तळ्यातून निघणाऱ्या पाण्यावर चालवले, पहिली पाच वर्षं त्यांनी एकूण फॉस्फरसचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग धरला आणि नंतर त्यांची ताकद उतरत गेली. त्यांनी वर्षानुवर्षं मोजलं म्हणून जगाला ते कळलं. आपल्या जांभ्याचं तसं मोजायला खानापूरपेक्षा बरी जागा कुठली?

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फाउंड्रीतली जळकी वाळू आणि स्लॅग याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ती फुकट मिळते म्हणून लगेच वाफ्यात घालू नका. वाळूत ती घट्ट धरायला घातलेल्या बाइंडरचे अंश असतात, स्लॅगमध्ये काय धातू आहेत ते कास्टिंगवर अवलंबून. आधी पाण्यात भिजवून काय सुटतंय ते तपासा, निकाल चांगला आला तरच पुढं. आमच्या शेतात एकदा उतरलेलं क्रोमियम किंवा शिसं परत काढता येत नाही.

बेळगाव शहराचा विषय टाळून चालणार नाही. बळ्ळारी नाला आणि लेंडी नाला काय वाहून नेतात ते येळ्ळूर, वडगाव, शहापूर, हलग्याच्या शेतकऱ्याला विचारा. याच शिवारातल्या बासमतीचा वास एकेकाळी गल्लीभर यायचा, आता दर पावसाळ्यात नाला फुगून तेच काळं पाणी पिकात उभं राहतं, त्यात जलपर्णी. काही जण म्हणतात नाल्यातच झाडं लावा, सगळं शुद्ध होईल. मला ते पटत नाही आणि तुम्ही ते लोकांना स्पष्ट सांगितलं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत शहर पाच लाखांच्या जवळ होतं. माणशी १३५ लिटर आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर रोज पाच कोटी लिटरच्या वर जातं, वर केला तोच हिशोब लावला तर १०० एकरांहून जास्त वाफा लागेल, आणि शहराचं पाणी गावापेक्षा घाण असतं म्हणून खरं तर त्याहून बरंच जास्त. ती जमीन कुणाची जाणार? शेतकऱ्याचीच. हलग्यात सांडपाणी प्रकल्पासाठी जमीन घेताना काय विरोध झाला ते सगळ्यांनी बघितलंय. शहराला मशीनवाला प्लांटच पाहिजे, तो पूर्ण ताकदीनं चालला पाहिजे, आणि झाडांचा वाफा फार तर त्याच्या शेवटी. गावाला वाफा, शहराला प्लांट, हा फरक जाणकार माणसानं सांगितला तर आमच्या आंदोलनातली चर्चा पण जागेवर येईल. जलपर्णी काढून तिचं कंपोस्ट करा म्हणणाऱ्यांनाही तुमच्याकडून एक टेस्ट पाहिजे, कारण ती वनस्पती पाण्यातले जड धातू आपल्या मुळांमध्ये साठवते. नाल्यात कारखान्याचं पाणी येत असेल तर ते कंपोस्ट भाजीला घालायचं की नाही, हे अंदाजानं ठरवायची गोष्ट नाही.

आणि एक काम तुम्ही गावात न येता करू शकता. एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत साधारण ४ किलो नायट्रोजन आणि अर्ध्या किलोच्या आसपास फॉस्फरस असतो. आपला देश रॉक फॉस्फेट, म्हंजे फॉस्फरस खताचा कच्चा दगड, आणि डीएपी खत मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो, मोरोक्को, जॉर्डनकडून, आणि खरिपाच्या तोंडावर सोसायटीपुढं डीएपीसाठी रांग लागते ती आम्ही लावतो. लघवीत मॅग्नेशियम घातलं की स्ट्रुव्हाइट नावाचे पांढरे खडे तळाला बसतात, त्यात फॉस्फरस, नायट्रोजन दोन्ही, आणि ते हळूहळू विरघळणारं खत आहे. मॅग्नेशियम महाग पडतं ही अडचण, पण मीठ काढून झाल्यावर मिठागरात जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, आणि गोव्याची मिठागरं बेळगावपासून काही लांब नाहीत. गटारीच्या पातळ पाण्यातून हे परवडणार नाही, पण हॉस्टेलच्या मुताऱ्यांतून, यात्रेच्या तात्पुरत्या मुताऱ्यांतून परवडेल का? शेकडो मुलं राहतात ते हॉस्टेल तुमच्याच कॅम्पसमध्ये आहे. तिथं करून बघा आणि निघालेलं खत आमच्या भाताच्या चार गुंठ्यांत टाकून बघा, जागा मी देतो, शेजारी डीएपीचे चार गुंठे ठेवू, तुलना समोरच होईल.

शुद्ध झालेल्या पाण्याचं काय करायचं हे पण तुम्हीच ठामपणे सांगायला पाहिजे, कारण एकदा पाणी स्वच्छ दिसलं की लोक ते कोथिंबिरीला आणि मुळ्याला सोडणार. खडीच्या वाफ्यातून बीओडी चांगला उतरतो, पण रोगजंतू सगळे जात नाहीत, जंताची अंडी पण बघावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या (डब्ल्यूएचओ) २००६ च्या गाइडलाइनमध्ये लिटरला एका अंड्यापेक्षा जास्त नको असं सांगितलंय. चाऱ्याला, उसाला चालेल, कच्च्या खायच्या भाजीला नको, असं बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहून वाफ्याजवळ लावायला पाहिजे. वाफ्याच्या आसपासच्या दोन-तीन विहिरींचं नायट्रेट पण तपासत राहा, पिण्याच्या पाण्याला लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. वाफा झिरपत असेल तर तिथंच कळेल.

पैशाचं म्हणाल तर अगदीच मार्ग नाही असं नाही. केएससीएसटी, म्हंजे कर्नाटकची राज्य विज्ञान-तंत्रज्ञान परिषद, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टला मदत देतं हे तुम्हाला माहीत आहे. उन्नत भारत अभियान २०१४ ला सुरू झालं, त्यात कॉलेजनं निदान पाच गावं दत्तक घ्यायची असतात, बऱ्याच कॉलेजांनी घेतलीत पण. पंचायतीकडं पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, त्यातून बऱ्याच ठिकाणी गटारींचं काँक्रीट झालं. काँक्रीट झालं म्हंजे पाणी जास्त वेगानं खालच्या शेतात पोचलं, एवढंच. पंचायतीचे लोक वाईट नाहीत हो, त्यांना दुसरं काय करायचं ते सांगणारं कुणी भेटत नाही. ज्युनिअर इंजिनिअरकडं गटारीचं एस्टिमेट तयार असतं, वाफ्याचं नसतं. ते एस्टिमेट, आपल्या एसआर, म्हंजे सरकारी दरपत्रकातल्या दरांसह, तुमच्या पोरांनी एकदा तयार करून दिलं तर शंभर भाषणांपेक्षा जास्त काम होईल.

रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहा, युनिव्हर्सिटीला तसाच लागतो. पण शेवटी एक पान कन्नडमध्ये आणि एक पान मराठीत जोडा. पीडीओ, म्हंजे पंचायत विकास अधिकारी साहेबांना कन्नड पान, ग्रामसभेत वाचायला मराठी पान. त्यात पाणी किती आलं, किती साफ झालं, खर्च किती, महिन्याला किती तास साफसफाई, एवढं असलं तरी बास. सीमाभागात भाषेवरून काय काय होतं ते आपण सगळे जाणतो, पण गटारीचं पाणी खाली जाताना मराठी शेत की कन्नड शेत बघत नाही, आणि ही दोन पानं दोन्हीकडच्या लोकांना एका कामाला लावू शकतील असं मला वाटतं.

साफसफाई कोण करणार हा प्रश्न तुम्ही विचारणारच, विचारलाच पाहिजे. माझ्या मते ज्याचं शेत गटारीच्या तोंडाशी आहे त्याच्याशीच पंचायतीनं करार करावा. शुद्ध पाणी चाऱ्याला त्याचं, वाफ्यातली कापलेली हिरवळ त्याची, गाळ सुकवून कुजवून वापरायचा हक्क त्याचा, बदल्यात जाळी आणि टाकी त्यानं साफ ठेवायची. त्याला फायदा दिसला तर तो करेल. नाही दिसला तर कुठलाच वाफा टिकणार नाही, आणि तेही तुमच्या अभ्यासात मोजा, नेपियर गवताच्या किती कापण्या झाल्या, गोठ्याला किती पेंढ्या गेल्या.

घाणीचे पहिले नमुने एप्रिल-मे मध्ये घ्यायला पाहिजेत, तेव्हा गटारीत निव्वळ घरांचं पाणी असतं, पावसाची भेसळ नसते. त्यासाठी फेब्रुवारीपर्यंत गाव आणि जागा ठरायला हवी, मार्चच्या ग्रामसभेत विषय यायला हवा. तुमच्यापैकी एक जरी डिपार्टमेंट तयार असेल तर कॉलेजच्या लेटरहेडवर जवळच्या पंचायतीच्या पीडीओंना दोन ओळी लिहा, की आम्हाला तुमच्या गटारीचा उतार आणि पाणी मोजायचंय, परवानगी द्या. येताना लेव्हल मशीन, नमुन्याच्या बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन या. खणायला माणसं, तुटकी कौलं आणायला ट्रॅक्टर, आणि दुपारचं जेवण आम्ही बघतो.

आपला,
बेळगाव तालुक्यातला एक शेतकरी